प्लग, पॉइंट आणि वल्ही

१० ऑगस्ट

नारळी पौर्णिमा झाली, खाडीत पुन्हा होड्या दिसायला लागल्या. सकाळी शेजारचे तांडेल आले. "मास्तरानू, तुमच्या माळ्यार काकांचा मशीन पडान हा मा? चालू व्हयत काय बगा. माका आता उलट्या पाण्यात वल्हवाक जमणा नाय." तांडेलांचं सारं आयुष्य ट्रॉलरवर गेलं. आता लहान होडी घेऊन वाघोटण खाडीत पाग टाकतात, कधी पलीकडच्या काठाला जाऊन येतात. जाताना पाण्याची साथ असते, येताना तेच पाणी तोंडावर येतं.

मशीन खाली उतरवलं. थोरल्या काकांनी बोटीवर नोकरीला असताना कुठल्याशा परदेशी बंदरात ते जुनंच विकत घेतलं होतं. एव्हिनरूड कंपनीचं 'लाइटविन', ३ हॉर्सपॉवर, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. १९५० आणि ६० च्या दशकांतलं हे मॉडेल. टाकी मशीनच्या अंगावरच. वजन पंधरा किलोच्या आसपास, म्हणजे एकट्या माणसाने उचलून होडीच्या मागल्या फळीला अडकवावं असं. दोरी ओढली तर फिरतं, दाब चांगला आहे, काही घासल्याचा आवाज नाही. अंगाने निरोगी, फक्त पेट घेत नाही.

न पेटणाऱ्या इंजिनाला विचारायचे प्रश्न दोनच: पेट्रोल येतं का, करंट येतो का. पेट्रोलची बाजू लगेच दिसते, दोरी ओढल्यावर प्लग ओले निघतात. मग दोन्ही प्लग काढले, त्यांच्या वायरींना लावूनच इंजिनच्या धातूला टेकवले आणि भोकांपासून लांब धरले; त्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर येते, तिथे ठिणगी नको. पडवीतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात दोरी ओढली. वरच्या सिलिंडरला पिवळट, मरगळलेली ठिणगी. खालच्याला काहीच नाही.

प्लग अदलाबदल करून पाहिले. दोष प्लगबरोबर हलला नाही, जागेवरच राहिला. म्हणजे मॅग्नेटच्या खाली उतरायचं.

१२ ऑगस्ट

गॅरेजच्या भाषेत फ्लायव्हीलला मॅग्नेटच म्हणतात, कारण चुंबक त्यातच बसवलेले असतात. मधलं नट सुटलं, पण मॅग्नेट शाफ्टच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेला असतो. तो हाताने निघत नाही. त्याच्या मध्यभागी आट्यांची तीन भोकं असतात, त्यांत बोल्ट घालून पुलर लावायचा. कडेला पक्कड घालून खेचायचं नाही, त्याने मॅग्नेट वाकतो.

नाक्यावरच्या मेकॅनिककडे गेलो. माझा जुना विद्यार्थी. त्याच्याकडे स्कूटरपासून टिलरपर्यंत सगळ्यांचे पुलर, पण सगळे मिलिमीटरचे. हे मशीन अमेरिकन, आटे इंची. चुकीचा बोल्ट दोन फेरे जातो, मग अडतो, आणि तिथून जोर लावला की भोकाचे आटे जातात. त्याने जुन्या लोखंडाच्या डब्यातून इंची बोल्ट शोधून काढले आणि जाड पट्टीला तीन भोकं पाडून पुलर तयार केला. मधला स्क्रू आवळून त्याच्या डोक्यावर हातोडीचा एक नेमका ठोका दिला, तसा मॅग्नेट 'टक्' करून सुटला.

"सर, शेवटचा पॉइंट मी लुनाचा उघडला होता," तो म्हणाला. "आता पोरांना पॉइंट म्हणजे काय ते सांगायला लागतं." लुना, राजदूत, जुन्या स्कूटरी. माझ्या वयाच्या माणसांनी निदान एकदा तरी रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून प्लग-पॉइंट साफ केलेले आहेत. तेव्हा ते सगळ्यांनाच येत असे. आता येणारी माणसं जपून ठेवावी लागतील.

१३ ऑगस्ट

आज नुसतं बघितलं आणि वहीत चित्र काढलं. कुठली वायर कुठून जाते हे सुटं करण्याआधी कागदावर असावं.

मॅग्नेटखाली एक गोल प्लेट. तिच्यावर सगळं दोन-दोन: दोन कॉइल, दोन पॉइंट, दोन कंडेन्सर, प्रत्येक सिलिंडरचा संसार वेगळा. सामाईक फक्त मॅग्नेट आणि शाफ्टवरचा कॅम. बॅटरी नाही, चार्जर नाही.

काम असं चालतं. चुंबक फिरत कॉइलच्या लोखंडी गाभ्यासमोर येतो. पॉइंट मिटलेले असतात, त्यामुळे कॉइलच्या जाड तारेच्या वेढ्यांत प्रवाह सुरू होतो. प्रवाह पुरता भरात असताना कॅम पॉइंट उघडतो. प्रवाह एकदम तुटतो, गाभ्यातलं चुंबकत्व कोसळतं, आणि त्या कोसळण्याने बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत हजारो व्होल्ट उठतात. तीच प्लगची ठिणगी. कंडेन्सरचं काम त्या उघडण्याच्या क्षणापुरतं. बांध फुटू नये म्हणून शेताच्या कडेला खड्डा ठेवतात, तसा तो उसळलेला प्रवाह स्वतःत घेतो. नाहीतर पॉइंटमध्येच ठिणगी पडून ते जळतात आणि प्लगपर्यंत काही पोचत नाही.

या मांडणीचा जाच एकच. वीज मॅग्नेटच्या वेगावर अवलंबून असते. इंजिन एकदा चालू झालं की ठिणगी भरपूर. पण दोरी ओढताना वेग कमी, ठिणगी तेव्हाच सर्वांत दुबळी आणि गरज तेव्हाच सर्वांत जास्त. म्हणून या यंत्रणेतली कुठलीही झीज पहिल्यांदा दोरी ओढणाऱ्या हाताला कळते.

दिसलेले दोष: दोन्ही कॉइलींच्या वेष्टणाला भेगा. कॅमला तेल पुरवणारी नमद्याची वात वाळून कडक झालेली. पॉइंटच्या तोंडावर करडी साय. आणि खालच्या प्लगची वायर प्लेटमधून बाहेर पडते तिथे तडकलेली. या मशीनमध्ये वेग वाढवायची दांडी हलवली की अख्खी प्लेट थोडी फिरते, ठिणगी लवकर किंवा उशिरा पडते, आणि त्याबरोबरच कार्बोरेटरही उघडतो. म्हणजे वायर दर वेळी वाकते. पन्नास-साठ वर्षांचं वाकणं आणि त्यावर खारी हवा.

१६ ऑगस्ट

दोन दिवस पाऊस, आज ऊन. ही संधी साधली. सुट्या कॉइली दुपारभर पत्र्यावर उन्हात ठेवल्या, मग परत लावून, मॅग्नेट बसवून दोरी ओढली. वरच्या सिलिंडरची ठिणगी निळसर झाली! तिन्हीसांजेला आभाळ भरून आलं, हवा दमट झाली. पुन्हा ओढली तर तीच पिवळी मरगळ.

याचा अर्थ स्पष्ट आहे. भेगांतून दमट हवा आत शिरते आणि ठिणगी प्लगपर्यंत जाण्याआधीच आतल्या आत वाट काढते. त्या काळातल्या या कॉइलींची ही प्रसिद्ध खोड आहे, वेष्टण तडकतं. थंड, कोरड्या तळ्यावर असं मशीन वर्षानुवर्षं तगेल. कोकणच्या पावसाळ्यात नाही.

मेकॅनिकने भेगा अॅराल्डाइटने भरू या असं सुचवलं. बाहेरून बुजवलं तर आत शिरलेलं पाणी आतच कोंडलं जाईल. नाही म्हटलं.

१७ ऑगस्ट

मीटर घेऊन बसलो. कॉइलच्या जाड वेढ्यांचा रोध एका ओहमच्या आसपास, ठीक. खालच्या कॉइलच्या बारीक वेढ्यांत सलगताच नाही, ती संपली. कंडेन्सर दोन्ही ०.२ मायक्रोफॅरडच्या जवळपास दाखवतात, म्हणजे कागदावर पास. पण मीटर काही व्होल्टांवर मोजतो आणि पॉइंट उघडतात तेव्हा कंडेन्सरवर काहीशे व्होल्ट येतात. तिथे तो गळतो का, हे मीटर सांगत नाही. इतक्या जुन्या कंडेन्सरवर विश्वास ठेवून मॅग्नेट बसवायचा आणि पुन्हा काढायचा, त्यापेक्षा बदललेला बरा.

पॉइंट मात्र वाचतील का ते पाहिलं. मिटलेल्या पॉइंटवर मीटर लावला तर जिथे शून्य दिसायला हवं तिथे आकडा नाचतो. ती करडी साय वीज अडवते. गॅरेजची रीत काडेपेटीची कड किंवा पॉलिश पेपर मधून ओढायची. त्याने साय जाते, पण वाळूचे कण मऊ धातूत रुततात आणि त्या खडबडीत जागी पॉइंट लवकर जळतात. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची पट्टी कापली, थिनरमध्ये भिजवली आणि मिटलेल्या पॉइंटमधून ओढली. पट्टी काळी निघेपर्यंत नव्या पट्ट्या. आकडा शून्याशी स्थिर झाला.

पण पॉइंटची टाच, कॅमवर घासणारा तो तुकडा, झिजून गेला आहे. वात कोरडी पडल्याचा हा परिणाम. टाच झिजली की फट कमी होते, फट कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतो, आणि ठिणगी उशिरा पडते. तेव्हा नवे पॉइंटच.

२० ऑगस्ट

भाच्याला शिकागोला फोन केला. मला वाटलं होतं, साठ वर्षांपूर्वीच्या मशीनचे भाग म्हणजे भंगारवाल्यांच्या मिनतवाऱ्या. तसं नाही. या कंपनीने १९५० नंतर जवळपास पाव शतक आपल्या ३ पासून ४० हॉर्सपॉवरपर्यंतच्या बहुतेक मशीनांत एकाच घडणीचा मॅग्नेटो वापरला. कॉइल तीच, पॉइंट तेच. म्हणून आजही बाहेरचे कारखाने ते भाग बनवतात. गावोगाव पसरलेल्या साध्या गोष्टीचं आयुष्य तिला बनवणाऱ्यापेक्षा मोठं असतं, ते असं.

बनवणारा मुळात नॉर्वेचा. ओले एव्हिनरूड लहानपणी अमेरिकेत आला, मिलवॉकीत यंत्रांच्या कामात मुरला, आणि १९०९ मध्ये त्याने होडीच्या मागे अडकवायचं इंजिन विकायला काढलं. दीड हॉर्सपॉवर, बासष्ट पौंड. धंद्याची बाजू त्याची बायको बेस सांभाळायची; तिने लिहिलेल्या जाहिरातीत लोकांना वल्ही फेकून द्यायला सांगितलं होतं. पुढे एव्हिनरूड आणि प्रतिस्पर्धी जॉन्सन ही दोन्ही नावं १९३६ मध्ये एका कंपनीखाली आली. ती कंपनी २००० साली दिवाळखोरीत गेली, नाव नव्या मालकाकडे गेलं, आणि २०२० मध्ये एव्हिनरूड नावाची मशीनं निघायचीच बंद झाली. कॉइल मात्र मिळते.

भाच्याचा मित्र गणपतीला गावी येतोय. दोन कॉइली, पॉइंटचे दोन संच, कंडेन्सर आणि तांब्याची प्लग-वायर तो घेऊन येईल.

२२ ऑगस्ट

आज पडवीत सभा भरली. मेकॅनिकने खिशातून आगपेटीहून लहान काळा ठोकळा काढला. "सर, हे लावा. पॉइंट नको, कंडेन्सर नको, गॅप नको." गवत कापायच्या मशीनच्या दुकानातून आणलेलं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल. इथे प्रत्येक आमराईत ग्रास कटर आहे आणि त्यातल्या एकालाही पॉइंट नसतो, तेव्हा त्याचं म्हणणं निराधार नाही.

आत ट्रान्झिस्टर असतो. चुंबक जवळ आला की कॉइलचा प्रवाह त्यातून वाहतो आणि ठरावीक पातळीला तो स्वतःच प्रवाह तोडतो. पॉइंटचंच काम, पण घासणारा भाग नाही. मोठ्या कंपन्यांनीही हेच केलं. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात लहान मशीनांवरही पॉइंट जाऊन सीडीआय आलं. त्यात कंडेन्सर आधी काहीशे व्होल्टांनी भरून घेतात आणि योग्य क्षणी एकदम कॉइलमध्ये रिकामा करतात. ठिणगी इतक्या झपाट्याने उठते की काजळी धरलेला प्लगसुद्धा पेटतो. हे सगळे फायदे खरे आहेत.

मी नेहमीचा मुद्दा मांडला: पॉइंट वाटेत दुरुस्त करता येतो, ठोकळा नाही. त्यावर तांडेल हसले. "मास्तरानू, खाडयेत तुमी ह्यो मॅग्नेट काढतालास? पुलर खय, ठोकतालास खय? आणि ती बारकी चावी पाण्यात पडली तर?"

बरोबर आहे. या मशीनमध्ये पॉइंटपर्यंत पोचायला मॅग्नेट काढावाच लागतो. हेलकावणाऱ्या होडीत इंची बोल्टांचा पुलर लावून, शाफ्टमधली अर्धचंद्राकार चावी न हरवता कोणी पॉइंट साफ करणार नाही. "जुनं ते वाटेत दुरुस्त होतं" हे आपण जुन्या वस्तूंबद्दल सवयीने बोलतो. पाण्यावर दोघेही सारखेच बंद पेटीतले. मग निवडायचं कशावरून?

तांडेल उठता उठता म्हणाले, "माका एकच सांगा. मरताना ह्यातला खयचा आधी सांगता?"

२३ ऑगस्ट

हा प्रश्न रात्रभर डोक्यात होता. सकाळी वहीत दोन रकाने आखले.

पॉइंट कसे मरतात? टाच झिजते, फट कमी होते, ठिणगी मागे पडते. दोरी दोनदा जास्त ओढावी लागते. मग गार इंजिन कुरकुरतं, मग दमट हवेत कुरकुरतं. आठवडेच्या आठवडे जातात. तडकलेल्या कॉइलीनेही तेच केलं: उन्हात जगली, संध्याकाळी मेली.

मॉड्यूल कसं मरतं? ट्रान्झिस्टर एक तर चालतो, नाहीतर जातो. काही वेळा तापला की बंद आणि निवला की चालू असा लपंडाव करतो. पण झिजत नाही, म्हणून झिजल्याची वर्दीही देत नाही.

दुसरा मुद्दा दोनपणाचा. सीडीआयच्या बऱ्याच मांडण्यांत चार्ज करणारी कॉइल आणि मधली पेटी दोन्ही सिलिंडरना मिळून एकच असते. ती गेली की सगळं गेलं. इथे दोन संसार वेगळे आहेत. एक बुडाला तरी दुसरा घरी आणतो. दोन मॉड्यूल लावली तरी हा वेगळेपणा टिकतो, हे मेकॅनिकच्या बाजूने लिहून ठेवलं.

आता गणपती चार दिवसांवर. पडवी रिकामी करायला हवी, मशीन गोठ्यात.

२ सप्टेंबर

पाहुण्यांची वर्दळ ओसरली. भाग हाती आले. आज गौरी-गणपती पोचवून आल्यावर संध्याकाळी हात घातला.

नव्या कॉइली एपॉक्सीत ओतलेल्या आहेत, भेग पडायला जागाच नाही. म्हणजे 'अपग्रेड' म्हणायचं तर तो इथेच झाला: घडण जुनी, माल नवा. कॉइल बसवताना तिच्या गाभ्याची टोकं प्लेटवरच्या तासलेल्या कडेशी बोटाला सपाट लागली पाहिजेत. जरा बाहेर आली तर फिरता मॅग्नेट घासतो, आत राहिली तर ठिणगी दुबळी पडते. बोट फिरवत फिरवत स्क्रू आवळले.

प्लगची वायर तांब्याच्याच तारांची हवी. मोटारीची कार्बनवाली वायर इथे चालत नाही. कॉइलच्या तोंडात एक टोकदार सुई असते, ती वायरच्या गाभ्यात घुसायला हवी. वायर सरळ कापून, दाबून बसवली आणि तोंडाशी सिलिकॉन भरलं. प्लेट फिरते तेवढी ढील ठेवली.

३ सप्टेंबर

पॉइंट. कॅमचा सर्वांत उंच भाग टाचेखाली आणून फिलर गेज घातलं. नव्या पॉइंटला ०.०२२ इंच, कारण टाच सुरुवातीला थोडी बसते आणि फट ०.०२० वर, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरवर येऊन थांबते. पात्याला हलकी ओढ जाणवावी, अडू नये. स्क्रू आवळला की फट हलते, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजायचं. शेवटी परत कागदाची पट्टी ओढली. गेजच्या पात्यावरचं तेल पॉइंटला लागलेलं असतं आणि तेवढ्यानेही ठिणगी बिघडते. वात नवी, तिला तेलाचा थेंब. जास्त नको, उडून पॉइंटवर जातं.

मेकॅनिक उभ्याने बघत होता. "सर, एकदा माझं मॉड्यूल लावून तर बघू." लावायलाच हवं. न बघता नाही म्हणणं हे भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला शोभत नाही.

४ सप्टेंबर

खालच्या कॉइलवर मॉड्यूल, वरच्यावर पॉइंट. प्लग काढून, ड्रिलने मॅग्नेटचं नट उजवीकडे फिरवून वेग दिला. पहिल्यांदा मॉड्यूलकडून काहीच नाही. वायरींची अदलाबदल केली आणि ठिणगी आली. प्रवाहाची दिशा त्याला चालते ती एकच. ठिणगी चांगली, निळी, कडक.

मग मेकॅनिकने टायमिंग लाइट लावला. मॅग्नेटच्या कडेवर खडूची खूण. पॉइंटच्या ठिणगीवर खूण एका जागी खिळलेली. मॉड्यूलच्या ठिणगीवर खूण सेंटिमीटरभर मागे, आणि ड्रिलचा वेग बदलला की थोडी सरकणारी. कारण पॉइंट कॅमच्या हुकमाने उघडतो, मॉड्यूल प्रवाहाच्या पातळीवर ठरवतं. ती पातळी वेगाप्रमाणे लवकर-उशिरा येते. ग्रास कटरची कॉइल आणि मॉड्यूल एकमेकांसाठी घडवलेले असतात, तिथे हा फरक आधीच धरलेला असतो. इथे नाही. शिवाय दोन सिलिंडर दोन वेगळ्या क्षणी पेटले तर मशीन हादरत चालेल, आणि दोन्ही उशिरा पेटले तर मुळात ३ असलेल्या हॉर्सपॉवरमधून काही गळतील.

मेकॅनिक थोडा वेळ खूण बघत राहिला. "प्लेट तेवढी पुढे सरकवली तर?" सरकवता येईल, पण प्लेटची हालचाल कार्बोरेटरशी जोडलेली आहे, तिथली घडी मग बिघडेल. "म्हणजे ठोकळा लावायला सगळं मशीन बदलायचं," तो म्हणाला. तेच.

५ सप्टेंबर

दोन्ही बाजूंना पॉइंट. मॅग्नेट बसवण्याआधी शाफ्टचा निमुळता भाग आणि मॅग्नेटचं भोक थिनरने पुसून कोरडं केलं. इथे ग्रीस लावायचा मोह होतो, लावायचं नाही. मॅग्नेट त्या निमुळत्या पकडीवर उभा असतो, चावीवर नव्हे. चावी फक्त त्याला योग्य कोनात बसवते. पकड तेलकट असली किंवा नट ढिलं राहिलं तर सगळा झटका चावीवर येतो, ती कापली जाते, मॅग्नेट किंचित फिरतो आणि ठिणगी भलत्याच वेळी पडायला लागते. नट टॉर्क पान्याने आवळलं.

कसोटी: दोन वायरींच्या टोकांना बोल्टचं बनवलेलं अंतर, हवेत ६ मिलिमीटर. दोरी साध्या ओढीने ओढली. दोन्हीकडे टक्-टक् करून निळी ठिणगी, आणि आभाळ भरलेलं असताना.

७ सप्टेंबर

पिंपात पाणी भरून मशीन उभं केलं. पेट्रोलच्या २४ भागांना ऑइलचा १ भाग, जुन्या बुशिंगांना तेवढं लागतं. चोक, दोरी, एक खोकला, चोक आत, दोरी, आणि पडवी धुराने भरली. कोंबड्या पळाल्या. थंड पाणी फिरून बाहेर पडतंय हे पाहून मगच वेग वाढवला.

९ सप्टेंबर

पौर्णिमेच्या उधाणाची ओहोटी अजून जोरात. दुपारी भरती फिरली तसे तांडेल आणि मी निघालो. खाडीच्या मधोमध मी वेग कमी करून खालच्या प्लगची वायर रबरी पकडीने काढली आणि आधीच इंजिनला आवळून ठेवलेल्या जुन्या प्लगवर चढवली. वायर नुसती अधांतरी सोडायची नसते. ठिणगीला जायला वाट नसेल तर ती कॉइलच्या आतलं वेष्टण फोडते.

मशीन धडधडायला लागलं, आवाज निम्मा, होडी हादरते. तांडेलांनी नाळ काठाजवळ घेतली, जिथे पाण्याची ओढ कमी, आणि एका सिलिंडरवर आम्ही ओहोटीच्या विरुद्ध काठाकाठाने घराकडे सरकत राहिलो. चालणाऱ्या माणसाच्या वेगानेसुद्धा नाही, पण पुढेच. काठावरचं माडाचं झाड मागे पडलं तेव्हा तांडेल म्हणाले, "ह्या म्हंजे खरा मशीन." मग वरची वायर तशीच बदलून पाहिली. तेही चाललं. शेवटी दोन्ही लावून सरळ धक्क्यापर्यंत.

वल्ही तळाशी तशीच होती. मी बेसची जाहिरात सांगितली. तांडेल म्हणाले, "ती खाडयेत इल्ली नसतली."

१२ सप्टेंबर

मशीन तांडेलांना दिलं. सोबत प्लास्टिकच्या डब्यात दोन प्लग, प्लगचा पाना, दोरीचा तुकडा आणि माझ्या अक्षरात एक कागद. कागदावर लिहिलेलं:

परत आल्यावर गोड्या पाण्यात चालवून मगच बंद करायचं. प्लगची फट ०.०३० इंच, पाऊण मिलिमीटर. दोरी नेहमीपेक्षा जास्त ओढावी लागली तर त्या दिवशी सांगायचं, चार दिवसांनी नाही. एकाच सिलिंडरवर घरी आलात तर पुन्हा तसंच निघायचं नाही. दुसरा सिलिंडर राखीव होता, तो वापरून झाला.

मेकॅनिक कागद वाचून म्हणाला, "सर, एवढं कोण पाळणार? म्हणून तर ठोकळा आला." त्याचं म्हणणं खोडता आलं नाही. पॉइंट आधी सांगतो, पण ऐकणारा असेल तरच त्याचा उपयोग. जो ऐकणार नाही त्याच्यासाठी न झिजणारा ठोकळाच बरा. आमच्या तांडेलांना ऐकू येतं. ट्रॉलरच्या इंजिनाचा आवाज झोपेत बदलला तरी ते जागे व्हायचे.

मॉड्यूल मेकॅनिकने परत नेलं, एका आमराईवाल्याच्या कटरला बसवलं, आणि तो कटर आता उत्तम चालतो. पुलर मात्र माझ्याकडेच ठेवून घेतला. पुढच्या मेअखेरीस, पावसाळी मासेमारीबंदी सुरू व्हायच्या आधी, मॅग्नेट पुन्हा काढायचा; मशीनने तक्रार केलेली असो वा नसो, फट मोजायची आणि वातीला थेंब द्यायचा. कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं आहे.